पाणी मागायचा पाठ

कांचनताई दोन वर्षं नक्की काय शिकत होत्या, हे मला आजतागायत धड कळलेलं नाही. शिक्षिका व्हायचं शिकत होत्या, एवढं कळतं. पण शिक्षिका म्हटली की हातात खडू पाहिजे, मागं फळा पाहिजे, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला पाहिजे. या बाईंच्या हातात मी खडू कधी बघितला नाही. खडू राहू द्या, त्यांचे हातच दिसायचे नाहीत. त्या हातांवर बसलेल्या असायच्या.

खरंच सांगतो. आमच्या ओसरीवर सतरंजी टाकून बसायच्या आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवायच्या. समोर माझी नात तनू. दोघींच्या मधे एखादा झाकणाचा डबा. तनू डब्याशी झटतीय, झाकण निघत नाही, पोर रडकुंडीला आलीय, आणि बाई आपल्या हात दाबून बघत बसल्यात. मला एक दिवस राहवलं नाही. म्हटलं, "ताई, हाताला मुंग्या आल्यात का?"

"नाही नाना," त्या म्हणाल्या, "हे हात फार आगाऊ आहेत. मोकळे सोडले की लगेच मदतीला धावतात."

आता मदत करणं हा आगाऊपणा कधीपासून झाला? मी चौथीत शाळा सोडली, पण माणसाला माणसानं हात द्यावा हे शाळेत शिकावं लागत नाही. हे विसरायला पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं जावं लागतं, हे मात्र मला तेव्हा नवीनच कळलं.

कांचनताई ओतूरच्या पेठेतल्या कापडदुकानाच्या सूनबाई. मंडळी मूळची राजस्थानकडची, जैन, पण कित्येक पिढ्या इथंच गेल्या. सासरे म्हणजे शेठ, त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चोख. आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांचे बस्ते त्यांच्याच दुकानात बांधलेले. बस्ता बांधायला गेलं की शेठ गल्ल्यावर आणि ताई गादीवर बसून साड्या दाखवायच्या. दाखवायची रीतही वेगळीच. दुसऱ्या दुकानात पोरं साडीवर साडी उलगडून अंगावर टाकतात, 'ही बघा, ही बघा' करून डोकं उठवतात. या गठ्ठा पुढं सरकवायच्या आणि गप्प बसायच्या. बायकांनी स्वतः ओढून काढली की मगच उलगडायच्या. आमची म्हातारी एकदा तिथं जेवणवेळेपर्यंत बसली आणि पहिलीच साडी घेऊन आली.

कुठलंही फडकं दिसलं की त्याची घडी घालायची, ही त्यांची सवय. आमच्याकडं यायला लागल्यावर म्हातारीशी बोलता बोलता दोरीवरचे वाळलेले कपडे ओढायच्या आणि काठाला काठ लावून घड्या घालायच्या. माझं धोतर असं व्हायचं की नेसायला जीव होईना, दुकानात परत ठेवावं वाटायचं.

अशी चांगली दुकानात रमलेली बाई, दोन पोरांची आई, तिनं उठून स्पेशल बीएड करायचं ठरवलं. ज्या मुलांना बोलता येत नाही, समजायला वेळ लागतो, त्यांना शिकवायची ही डिग्री. पेठेत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. म्हातारीनं एकदा घड्या घालता घालता विचारलं, "माहेरी कुणी हाय का वो असं?"

"नाही आजी. दुकानात एक बाई यायच्या. त्यांची मुलगी कापडाला हात लावायची, मग लोक बघायचे. म्हणून त्या तिला बाहेर विजेच्या खांबाला धरून उभं राहायला सांगायच्या. ती तेवढा वेळ खांब सोडायची नाही. एकदा बाईंना यायला उशीर झाला आणि वरून पाऊस आला, तरी सोडला नाही."

"मग?"

"मग काही नाही. मी आतून बघत होते."

म्हातारी डोळे पुसत आत गेली. मला काही उमगलं नाही. पोरीला आत बोलवायचं, छत्री द्यायची, संपलं. त्याला डिग्री कशाला?

शेठांनी परवानगी दिली, पण मोजून मापून. "दोन वर्षं शिक. परीक्षा एकदाच. पास झालीस तर पुढचं बघू. नापास झालीस तर परत गादीवर, आणि घरात हा विषय परत निघायचा नाही." शेठ बोलले की बोलले. पेठेत त्यांच्या शब्दावर थानच्या थानं हलतात. कांचनताईंनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या, पण हातातली घडी त्यांनी मोडून परत घातली.

आमच्याकडं त्यांना आणलं ते शाळेच्या गुरुजींनी. कॉलेजात प्रत्येकीला एक मूल धरून त्याला वर्षभर शिकवायचं होतं आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकासमोर त्याच मुलाला घेऊन पाठ द्यायचा होता. बाकीच्या बायांनी बसणारी, चार शब्द बोलणारी मुलं धरली. गुरुजी या बाईंनाही म्हणाले, दुसरं मूल बघा. पण त्यांनी तनूला बघितलं आणि बसकण मारली.

तनू तेव्हा नऊ वर्षांची. बोलत नाही. भिंतीवरून हात फिरवत घरभर चालते. तिच्या बापाची पिकअप फाट्यावर वळली की आमच्या आधी तिला कळतं. नवीन कपडा अंगाला सहन होत नाही, गलका झाला की कान दाबून घेते. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, ऑटिझम. म्हातारी अजून दृष्टच काढते. नाव काय का असेना, पोर आमच्या घरात फुलासारखी आहे. तिला काय पाहिजे ते तिनं सांगायच्या आत तिच्या पुढ्यात येतं. तिचे ओठ जरा हलले की म्हातारी तांब्या घेऊन उठली म्हणून समजा.

पहिले कित्येक दिवस कांचनताईंनी काहीच शिकवलं नाही. यायच्या, कोपऱ्यात बसायच्या, बघायच्या. मी विचारलं, "ताई, शिकवायला कधी घेणार?" तर म्हणाल्या, "आधी बघते, नाना." मला वाटलं यांना येतच नसेल.

मग सुरुवात केली ती चपलेपासून, आणि तीही उलटी. चप्पल पायात घालायची, अंगठा अडकवायचा, पट्टा ओढायचा, पट्टा दाबून चिकटवायचा. ताई सगळं स्वतः करायच्या आणि शेवटचं दाबायचं तेवढं तनूला ठेवायच्या. ते जमलं की मग ओढायचं आणि दाबायचं. मग त्याच्या आधलं. शेवटाकडून सुरुवातीकडं.

"ताई," मी म्हटलं, "आमी शेती काढणीपासनं सुरू करत न्हाई. आधी नांगरट."

"नाना, काढणी तिच्या हातानं झाली तर नांगरायला तिला हुरूप येईल ना?"

  दिवाळीपर्यंत तनू स्वतः चप्पल घालायला लागली. सगळ्या वस्तीला बोलावून दाखवलं मी. हे खरं शिक्षण, म्हटलं. आता पुढं बाराखडी घेतील.

पुढं त्यांनी पाणी घेतलं, आणि तिथं माझं आणि त्यांचं जुंपलं.

आमच्या गिलासाचा फोटो काढून त्यांनी एक कार्ड बनवलं. तनूला तहान लागली की तिनं ते कार्ड उचलून समोरच्याच्या हातात द्यायचं आणि मगच तिला पाणी द्यायचं. म्हणजे तिनं मागितलं असं झालं. तोवर कुणी द्यायचं नाही.

"तहानलेल्या पोरीला पाणी द्यायचं न्हाई?" मी ओरडलोच. "अवो, आमच्या दारात वाट चुकलेला माणूस आला तरी आधी तांब्या भरून देतो. तुमच्याकडं बी तसंच असंल. पाणी मागावं लागावं म्हंजे घराला लाज हाय!"

"देऊ नका असं नाही, नाना. थोडं थांबा, एवढंच. तिला कळू द्या की मागितलं की मिळतं."

"न मागता मिळतंय की!"

"तुमच्या घरात मिळतं."

म्हातारी चुलीजवळून म्हणाली, "मी काय पोरीचा जीव कासावीस करनार न्हाई. बाई हायत तवर ठेवीन गिलास लांब. त्या गेल्या की माझं मी बघंन." आणि ती तसंच करायची. ताईंना हे ठाऊक होतं. पण त्या कधी तिला टोचून बोलल्या नाहीत. फक्त जाताना म्हणायच्या, "आजी, आज रात्री एकदाच थांबून बघाल?" म्हातारी मान हलवायची. मान हलवायला काय जातंय.

जैन असल्यामुळं त्या दिवस मावळायच्या आत जेवायच्या. त्यामुळं उन्हं कलली की आमच्या ओसरीवरच डबा खायच्या आणि मग फाट्यावर एसटी धरायच्या. वाटेत दोन्ही बाजूला ऊस आणि उसात बिबट्या, म्हणून मी काठी घेऊन सोबत जायचो. तेवढ्या वाटेत आमचं भांडण चालायचं. एकदा त्यांनी विचारलं, "नाना, तुम्ही कुणाकडं काही मागितलंय का हो आयुष्यात?"

"कवाच न्हाई," मी म्हटलं. "बापाकडं बी न्हाई."

"तरीच," त्या म्हणाल्या. तरीच काय? एसटी आली आणि गेली.

परीक्षा जवळ आली तशा त्या पाठ घोकायला लागल्या. एक दिवस तनू झोपलेली होती. मी उन्हातून कांदा बघून आलो, ओसरीवर टेकलो. त्या म्हणाल्या, "नाना, आज तुम्ही तनू व्हा. मला सराव होईल." त्यांनी तांब्या स्वतःजवळ ठेवला, कार्ड माझ्यापुढं सरकवलं आणि हात मांडीखाली घातले.

मला तहान लागली होती. घसा नुसता कोरडा पडलेला. पण माझ्याच घरात मी कार्ड देऊन पाणी मागू? मी बसून राहिलो. त्याही बसून राहिल्या. माझ्याकडं बघत नव्हत्या, कार्डाकडंही नाही, कुठं बघत होत्या कुणास ठाऊक. म्हातारी दारात येऊन तोंडाला पदर लावून हसायला लागली. "बसा आता दोगंबी दिस बुडस्तवर!"

शेवटी मी उठलो. "मला जनावरांस्नी पाणी दावायचंय," म्हणालो आणि गोठ्यापाशी जाऊन हौदाच्या नळाला तोंड लावलं. परत आलो तर ताई हसत होत्या.

"नाना, माझा पाठ फसला."

"फसनारच. ह्यो काय पाठ हाय?"

"पण तनू कुणावर गेलीय ते कळलं."

परीक्षेचा दिवस उन्हाळ्याच्या तोंडाला आला. आमच्या वस्तीच्या शाळेतल्याच एका खोलीत पाठ ठरला. कांचनताईंनी आदल्या दिवशी घरोघर येऊन हात जोडले, "पुण्याहून एकच मॅडम येतील. कोपऱ्यात बसतील आणि जातील. काही वेगळं करू नका. रोजच्यासारखं राहा. आणि सकाळच्या जेवणानंतर पाठ होईपर्यंत तनूला पाणी तेवढं देऊ नका, म्हणजे तिला मागावंसं वाटेल. फार वेळ नाही लागणार."

सगळ्यांनी माना हलवल्या.

पण पाहुणा पुण्याहून येणार आणि आम्ही रोजच्यासारखं राहायचं, हे कसं शक्य आहे? तुम्हीच सांगा. गुरुजींनी लेझीम काढली. सरपंचांनी शाल आणली. फेटा मी बांधला, गुलाबी. मॅडम बारीक अंगाच्या, चष्म्याच्या, काही बोलायच्या आत फेट्यात आल्या. मग नारळ, मग चहा, मग पाणी, मग सरबत. लेझीम वाजायला लागली तशी तनूनं कान दाबून घेतले, तेव्हा ताईंनी हात वर करून ती थांबवली. माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं काहीतरी चुकलं, पण काय ते कळेना. आजही मी म्हणतो, दारात आलेल्या बाईला नारळ द्यायचा नाही तर मग कुणाला द्यायचा?

खोलीत पाठ सुरू झाला. मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर. आम्ही सगळे खिडक्यांना. ताई खाली बसल्या, तनू समोर, मधे कार्ड, ताईंच्या बाजूला भरलेला गिलास. हात मांडीखाली.

तनूनं कार्डाकडं बघितलंच नाही. भिंतीवरून हात फिरवत बसली. बराच वेळ गेला. ताईंनी गिलास जरा पुढं केला. तनूनं तो सरळ मागं लोटला.

ताईंनी मान वळवून खिडकीकडं बघितलं. "आजी, हिनं पाणी कधी पिलं?"

म्हातारी म्हणाली, "आता येताना. पोर परीक्षेला चालली म्हंजे दही-साखर नको व्हय द्यायला? आन दही-साखर दिली म्हंजे वरनं पाणी नको?"

"मी बी ताक दिलं जरासं," आमची सूनबाई, तनूची आई, म्हणाली.

"सरबत उरलं व्हतं, ते मी पाजलं," शेजारची.

घरच्या-शेजारच्या सगळ्यांनी तिला पाजून पाठवलं होतं. परीक्षेत पोरीचा घसा कोरडा पडायला नको म्हणून.

ताई मॅडमकडं वळल्या. "मॅडम, हिला आज तहानच नाहीये. मला हा पाठ दाखवता येणार नाही."

मॅडमनी फेटा जरा मागं सारला. त्याही काही वाईट नव्हत्या, उलट सांभाळूनच घेत होत्या. म्हणाल्या, "दुसरा काहीतरी घ्या. हिला काहीतरी येत असेल ना? चप्पल, डबा?"

आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. चप्पल! चप्पल तर ती डोळे मिटून घालते. मी खिडकीतून खुणावलं सुद्धा. एवढं केलं असतं तर बाई पास. शेठही खूश, दुकानही सुटलं.

 ताई म्हणाल्या, "चप्पल तिला दिवाळीपासून येते. आज मी ती शिकवली असं कसं दाखवू?"

"तुमच्या घरून ही एकच संधी आहे असं मघाशी तुम्हीच म्हणालात."

"हो."

"मग थांबू," मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या. "माझी गाडी दुपारी आहे. तोवर तहान लागली तर लागली."

आणि मग जे झालं ते मी माझ्या उभ्या आयुष्यात बघितलं नाही. सगळी वस्ती एका पोरीला तहान लागायची वाट बघत बसली. ऊन वर आलेलं, पत्रे तापलेले. खिडकीबाहेर आमचे घसे सुकले, पण पोरीला दिसेल म्हणून कुणी पाणी प्यायला धजेना. सरपंच घाम पुसत होते. म्हातारीला राहवेना, तिला दोघींनी धरून लांब झाडाखाली नेऊन बसवलं. मी मनात म्हटलं, परमेश्वरा, दुसरं काही देऊ नको, पण या पोरीला तहान लाव. असलं मागणं तुझ्याकडं आजवर कुणी केलं नसेल.

ताई हलल्या नाहीत. कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता, तरी हात काढून पुसला नाही.

शेवटी तनूनं ओठ चाटले.  तनू उठली. कार्डाजवळ आली. कार्ड ओलांडलं. ताईंना ओलांडलं. दारातून व्हरांड्यात आली, तिथं शाळेचा माठ होता. तिनं झाकण काढलं, दांड्याचं ओगराळं आत बुडवलं, दोन्ही हातांनी तोंडाला लावलं. निम्मं पाणी फ्रॉकवर, निम्मं पोटात. मग परत बुडवलं.

आजवर या पोरीनं स्वतःच्या हातानं पाणी घेतलेलं आम्ही कुणी बघितलं नव्हतं. घ्यायची वेळच आली नव्हती. टाळ्यांचा कडकडाट झाला. तनूनं ओगराळं टाकून कान दाबले. म्हातारी झाडाखालून पळत आली. माझी छाती अशी भरून आली म्हणता! मी खोलीत शिरून मॅडमना म्हटलं, "बघितलं का बाई? मागितलं न्हाई, घेतलं! आमच्या घरातली हाय ती!"

मॅडम हसल्या. मग कागदाकडं बघून त्यांनी ताईंना विचारलं, "तुमच्या टाचणात पाठाचा उद्देश काय लिहिलाय?"

टाचण म्हणजे पाठ कसा घ्यायचा ते आधी लिहून द्यायचं असतं.

"विद्यार्थिनी चित्र देऊन पाणी मागेल," ताई म्हणाल्या.

"मागितलं?"

"नाही."

"मग आज तुम्ही काय शिकवलंत?"

मला वाटलं आता सांगतील. वर्षभर ऊन-पाऊस न बघता आल्या ते सांगतील. त्या म्हणाल्या, "आज मी काही शिकवलं नाही, मॅडम. ते तिनं केलं."

"अवो पर," मी मधे पडलो, "पोर शिकली ना? मग बाई नापास कशी?"

"आजोबा," मॅडम म्हणाल्या, "मलाही आनंद झालाय. पण मला मुलीची नाही, शिक्षिकेची परीक्षा घ्यायला पाठवलंय. आणि उद्या ही दुसऱ्या गावी असली, माठ समोर नसला, तर काय करेल? मागायला यायला नको?"

आता हे बोलणं चुकीचं होतं का? मला ते चुकीचं वाटलं, पण घरी येऊन विचार केला तर बरोबर वाटलं, आणि सकाळी उठलो तर परत चुकीचं. अजून ते तसंच हेलकावे खातंय. तनू त्या दिवसापासून आपलं पाणी आपण घेते. कार्डाला हात लावत नाही. म्हातारी मोकळी झाली आणि त्यानं उगीच कावरीबावरी फिरत असते. या सगळ्याला पाठ फसला म्हणायचं की जमला?

त्या संध्याकाळी फाट्यावर जाताना ताई म्हणाल्या, "नाना, ती माठाकडं गेली ना, तेव्हा मला इतका आनंद झाला. आणि त्याच क्षणी वाटलं, गेली माझी परीक्षा. दोन्ही एकदमच." मी काठी आपटत पुढं चालत राहिलो.  मला असल्या वेळी बोलता येत नाही.

निकाल लागला. बाकी सगळ्यात पास, त्या पाठात नापास. पाठ परत द्यायला दिवाळीनंतर संधी होती, पण शेठांचा शब्द होता एकाच वेळेचा.

मी दुकानात गेलो. टॉवेल घ्यायचं निमित्त. ताई गादीवर बसून एका बाईला साड्या दाखवत होत्या. शेठ गल्ल्यावर.

"या नाना. तुमच्या नातीनं पाणी पिलं म्हणे?"

"पिलं की. आपल्या हातानं."

"मग ही नापास कशी?"

मी सांगायला लागलो आणि माझाच गुंता व्हायला लागला. मागणं वेगळं, घेणं वेगळं, टाचणात एक, माठात एक. साडी बघणारी बाई म्हणाली, "म्हंजे पोरगी हुशार निघाली म्हणून मास्तरीण नापास?" म्हटलं, तसंबी न्हाई. "मग कसं?" म्हटलं, ते त्यांनाच इचारा.

शेठ म्हणाले, "मी ऐकलं, दुसरा सोपा पाठ घ्यायला सांगितलं होतं. चपलेचा."

"व्हय."

"तो घेतला असता तर?"

"पास व्हत्या."

शेठांनी सुनेकडं न बघता विचारलं, "मग घेतला का नाही?"

"ते तिला आधीच येत होतं, बाबूजी," ताई घडी घालत म्हणाल्या. "जुनाच माल पुढं ठेवून आजच आलाय म्हणायचं?"

 शेठांनी माझा टॉवेल कागदात गुंडाळला, दोरा बांधला, दोऱ्याला दोन गाठी मारल्या. मला काहीतरी बोलायचं होतं. माझ्यासारख्या म्हाताऱ्यानं एक शब्द टाकला असता तर शेठांनी ऐकलंही असतं कदाचित. पण शब्द टाकायची मला सवय नाही. टॉवेल घेऊन मी एसटीत बसलो.

पुढं त्या आमच्याकडं आल्या नाहीत. कानावर यायचं की दुकानातच असतात. मग तिथंही नसतात असं कानावर आलं. आता त्या पास होऊन डोंगराकडच्या शाळांमधून शिकवतात, एवढं गुरुजी सांगतात. मी मात्र त्यांना शेवटचं बघितलं ते पास व्हायच्या आधी, दिवाळीनंतर, भात काढणीच्या दिवसांत.

तळेघरला माझ्या साडूकडं चाललो होतो. घोडेगावला गाडी बदलली, आत शिरलो तर खिडकीशी शेठ. पांढरी टोपी, पांढरं धोतर, हातात घाटासाठी लिंबू. बाजूला कांचनताई, मांडीवर पिशवी.

"शेठ, तुमी हिकडं?"

"हिची परीक्षा आहे," शेठ म्हणाले, जणू हे सगळ्या जगाला ठाऊक असावं.

"हितं डोंगरात?"

ताई म्हणाल्या, "कॉलेजनं दुसरं मूल घ्यायला सांगितलं, नाना. तळेघरच्या अलीकडं वाडीत एक मुलगी आहे. तिच्याकडं कुणी जात नव्हतं. रस्ता नाही ना."

"गणपतीपासून येतीय ही," शेठ म्हणाले. "मी आज पहिल्यांदाच बघतोय कुठं येते ते."

त्या दिवशी ओतूरचा आठवडे बाजार होता. मला एकदम आठवलं. "शेठ, मग दुकान?"

"बंद आहे."

"बाजाराच्या दिवशी?"

शेठांनी लिंबू नाकाला लावलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं. ओतूरच्या बाजाराच्या दिवशी ते दुकान बंद मी माझ्या हयातीत बघितलेलं नाही. त्यांचे वडील वारले तो दिवस सोडून.

तळेघरच्या अलीकडं दोघं उतरले. मला पुढं जायचं होतं. ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडं बघत बसला म्हणून गाडी थांबून होती. भात कापलेली खाचरं खाली उतरत गेलेली, मधून बांध. ताई पिशवी घेऊन भराभर बांधावरून निघाल्या. त्यांच्या पायांना वाट पाठ होती. शेठ मागं, एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्यात बूट. दोन खाचरं उतरेपर्यंत ताई तिसऱ्याच्या पार गेल्या आणि झाडीआड दिसेनाशा झाल्या.

शेठ बांधावर थांबले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. खालच्या खळ्यावर एक बाई भात झोडत होती. शेठांनी तिथूनच मोठ्यानं हाक मारली. त्यांचा तेवढा मोठा आवाज पेठेत कुणी ऐकला नसेल.

"ओ ताई, इकडून आत्ता एक शिक्षिका गेल्या. कुठल्या वाटेनं गेल्या?"

त्या बाईनं भाताची पेंढी तशीच धरून डोंगराकडं बोट केलं. शेठ बूट सांभाळत तिकडं चढायला लागले.